नांदेडचे शेष आणि काशीची पंडितसभा

युरोपीय विद्येच्या इतिहासात 'अकादमी' या शब्दास जे वलय प्राप्त झाले आहे, त्याचा उगम बव्हंशी पंधराव्या शतकातील फ्लोरेन्स नगरात आहे. कोसिमो दे मेदिची या धनाढ्य सावकाराने १४६३ च्या सुमारास मार्सिलिओ फिचिनो या तरुण पंडितास नगराबाहेर कारेज्जी येथे जागा दिली, ग्रीक हस्तलिखिते पुरविली आणि प्लेटोचे संवाद लॅटिन भाषेत आणण्याचे काम त्याजकडे सोपविले. ते समग्र भाषांतर १४८४ मध्ये छापून निघाले. फिचिनोभोवती जमणाऱ्या मंडळीस पुढील पिढ्यांनी 'प्लेटॉनिक अकादमी' असे भारदस्त नाव देऊन तिला सभासद, बैठका व नियम असलेल्या संस्थेचे रूप दिले. १९९१ मध्ये जेम्स हँकिन्स यांनी मूळ पत्रांची छाननी करून दाखविले की, अशी संस्था वस्तुतः नव्हतीच; होते ते एका पंडिताचे घर, त्याचे विद्यार्थी, त्याचा पत्रव्यवहार आणि एका आश्रयदात्याची मर्जी. ह्या निष्कर्षाने फिचिनोचे महत्त्व कमी होत नाही. मात्र विद्वानांचा समाज ओळखण्यासाठी इमारत आणि घटना ह्यांचा शोध घेऊ नये, इतके त्यावरून निश्चित होते.

हे सांगावयाचे कारण असे की, त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत गोदावरीच्या काठचे काही पंडित काशीस जाऊन तेथे जो विद्वत्समाज उभारतात, त्यास आपल्याकडील इतिहासकार 'दाक्षिणात्य पंडितांचे स्थलांतर' एवढ्याच नावाने उल्लेखितात. त्यातील एक घराणे नांदेडचे होते. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी नांदेड-लातूरकडे सिद्धान्तकौमुदी अभ्यासतात. पण तो ग्रंथ ज्या वादातून जन्मला त्या वादाचा एक पक्ष ह्याच नांदेडच्या घराण्याचा होता, हे त्यांच्या कानी क्वचितच पडलेले असते.

घराण्याचे आडनाव शेष. व्याकरणाच्या परंपरेत पतंजली हा शेषाचा अवतार समजला जातो. तेव्हा महाभाष्याचा व्यासंग हा ज्यांचा कुलधर्म, त्यांस हे नाव शोभून दिसते. सोळाव्या शतकात ह्या घराण्याचा जम काशीत बसलेला दिसतो. नृसिंह शेष याच्या नावावर 'गोविंदार्णव' हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ आहे. त्याचा पुत्र कृष्ण, म्हणजेच शेषकृष्ण, हा अकबराच्या काळातील काशीचा अग्रगण्य वैयाकरण. त्याने 'कंसवध' हे नाटक लिहिले, 'पारिजातहरण' हे चंपूकाव्य लिहिले. परंतु त्याची कीर्ती अधिष्ठित झाली ती रामचंद्राच्या 'प्रक्रियाकौमुदी'वरील 'प्रकाश' ह्या टीकेवर. कंसवध नाटकाचा संबंध तोडरमलाच्या पुत्राच्या आश्रयाशी आहे, आणि 'प्रकाश' टीका वीरवर नामक राजाच्या कल्याण ह्या पुत्राच्या शिक्षणासाठी रचलेली आहे. नांदेडचा शास्त्री अवघ्या पिढी-दोन पिढ्यांत मोगल साम्राज्याच्या हिंदू सरदारवर्गाचा गुरू होतो. त्या काळाची गती त्यावरून ध्यानात यावी.

शेषांप्रमाणेच पैठणचे भट्ट. रामेश्वर भट्ट पैठण सोडून प्रवास करीत अखेर काशीस स्थायिक झाला. त्याचा पुत्र नारायण भट्ट १५१३ मध्ये जन्मला. 'त्रिस्थलीसेतु' व 'प्रयोगरत्न' हे त्याचे ग्रंथ. विश्वेश्वराचे मंदिर तोडरमलाच्या साहाय्याने पुन्हा उभे करण्याचे श्रेय परंपरा त्यासच देते. ह्या घराण्याचा वृत्तांत नारायणाच्या शंकर भट्ट नावाच्या पुत्राने स्वतः लिहून ठेवला. हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१२ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला, आणि महामहोपाध्याय काणे यांनी त्याचा सांगोपांग उपयोग केला. पुढील पिढ्यांत कमलाकराचा 'निर्णयसिंधु' १६१२ मध्ये पूर्ण झाला, नीलकंठाचे बारा 'मयूख' झाले (त्यातील व्यवहारमयूख इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांत आधारग्रंथ ठरला), आणि १६७४ मध्ये ह्याच घराण्यातील गागाभट्टाने रायगडावर राज्याभिषेकविधी चालविला. भट्टांची कथा महाराष्ट्रास ह्या शेवटच्या प्रसंगामुळे परिचित आहे. शेषांच्या वाट्यास असा प्रसंग आला नाही, आणि व्याकरण हा विषयच असा की त्याची कथा कीर्तनात रंगत नाही.

ही घराणी का गेली, याचे एकच एक कारण देता येणार नाही. यादवांचे राज्य जाऊन दोन शतके लोटली होती. गोदाकाठच्या अग्रहारांस पूर्वीचा आधार उरला नव्हता. बहमनी सत्तेचे तुकडे परस्परांत झगडत होते. उलट उत्तरेत अकबराच्या कारकीर्दीत मार्ग सुरक्षित झाले, तीर्थयात्रा वाढली, आणि राजपूत व खत्री सरदारांजवळ पैसा व पुण्यसंपादनाची इच्छा दोन्ही होती. काशीत जो जाई त्याला विद्यार्थीही मिळत आणि दातेही मिळत.

त्या काशीत विद्यादान कसे चाले, याचे सर्वांत जिवंत वर्णन एका परदेशी वैद्याने केले आहे. फ्रान्स्वा बर्निये याने १६६७ मध्ये लिहिलेल्या पत्रात काशीस हिंदुस्थानचे अथेन्स म्हटले. मात्र लगेच तो स्पष्ट करतो की, येथे आमच्यासारखी महाविद्यालये नाहीत आणि नियमित वर्गही नाहीत. गुरुजन नगरभर आपापल्या घरांत आणि उपनगरांतील सावकारांच्या बागांत विखुरलेले. कोणाजवळ चार शिष्य, कोणाजवळ सहा-सात, आणि फारच नामांकित असेल तर बारा-पंधरा. ते दहा-बारा वर्षे त्याच गुरूजवळ राहतात, आणि धनिकांनी पुरविलेल्या खिचडीवर निर्वाह करतात. फ्लोरेन्सविषयी हँकिन्स यांनी पत्रांचे ढीग चाळून जे काढले, ते काशीविषयी बर्नियेने डोळ्यांनी पाहून लिहिले.

परंतु विखुरलेली घरे म्हणजे समाज नव्हे. काशीत त्यांना एकत्र आणणारे स्थळ होते विश्वेश्वराच्या मंदिरातील मुक्तिमंडप. तेथे पंडित जमत, वाद करीत, आणि दूरदूरच्या प्रदेशांतून आलेल्या प्रश्नांवर 'निर्णयपत्र' देत. अशांपैकी १६५७ चे एक निर्णयपत्र, कोकणातील देवरुखे ब्राह्मणांच्या दर्जासंबंधीचे, अनेक पंडितांच्या सह्यांनिशी उपलब्ध असून ते १९२६ मध्ये छापले गेले. त्या सह्यांत एक गोष्ट लक्षणीय आहे. वाद कोकणचा, मंडप काशीचा, आणि सही करणाऱ्यांत देशोदेशींचे पंडित. निर्णयाची अंमलबजावणी करण्याचे कोणतेही साधन सभेच्या हाती नव्हते; तिचा अधिकार सह्या करणाऱ्यांच्या नावलौकिकाएवढाच. म्हणून नावलौकिकावर आघात झाला की तो शास्त्रीय मतभेद न राहता घराण्याचा प्रश्न होई. शेष आणि दीक्षित यांच्या वादाची तीव्रता ह्या पार्श्वभूमीवाचून समजणार नाही.

आता त्या वादाकडे वळू.

पाणिनीची सुमारे ४००० सूत्रे लाघवाच्या दृष्टीने रचलेली आहेत, शिकविण्याच्या दृष्टीने नव्हे. 'रामः' हे साधे रूप सिद्ध करावयाचे झाल्यास विद्यार्थ्यास प्रातिपदिकसंज्ञेसाठी पहिल्या अध्यायात, प्रत्ययासाठी चौथ्या अध्यायात, आणि सकाराचा रु व रुचा विसर्ग करण्यासाठी आठव्या अध्यायात जावे लागते. शिवाय आठव्या अध्यायातील शेवटच्या तीन पादांतील कार्ये आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने 'असिद्ध', म्हणजे घडलीच नाहीत असे, धरावयाची असतात. सारांश, अष्टाध्यायी संपूर्ण मुखोद्गत असल्याखेरीज तिचा उपयोग करता येत नाही. यावर उपाय म्हणून रूपसिद्धीच्या क्रमाने सूत्रे मांडण्याची पद्धती निघाली. संधी एकत्र, नामरूपे एकत्र, क्रियारूपे एकत्र. रामचंद्राची प्रक्रियाकौमुदी ही ह्या पद्धतीतील मोठी कृती, आणि शेषकृष्णाचा 'प्रकाश' हा तिचा भारदस्त भाष्यकार. रामचंद्राने सर्व सूत्रे घेतली नव्हती. अध्यापनास आवश्यक ती घेतली होती. मतभेदाच्या स्थळी काशिकादी ग्रंथांचे साहाय्य घेण्यासही ह्या परंपरेस संकोच नव्हता.

भट्टोजी दीक्षित हा शेषकृष्णाचा शिष्य. त्याने प्रथम 'शब्दकौस्तुभ' लिहून महाभाष्याचे मंथन केले; नंतर 'सिद्धान्तकौमुदी' रचली, आणि तीत रामचंद्राचा आराखडा स्वीकारूनही पाणिनीची सर्व सूत्रे सामावली. मग स्वतःच्याच ग्रंथावर 'प्रौढमनोरमा' ही टीका लिहिली, आणि तीत स्थळोस्थळी 'प्रकाश' टीकेचे, म्हणजे आपल्या गुरूचे, खंडन केले. त्याची कसोटी एकच. पाणिनी, कात्यायन व पतंजली हे तीन मुनी प्रमाण. त्यांत मतभेद आल्यास उत्तरोत्तर मुनी अधिक प्रमाण. म्हणून पतंजलीच्या भाष्याशी जे जुळत नाही ते त्याज्य, मग ते काशिकेत असो, हरदत्तात असो, रामचंद्रात असो, अथवा गुरूच्या ग्रंथात असो. मधल्या हजार-दीड हजार वर्षांतील सर्व आचार्य एका फटकाऱ्यासरशी 'प्राचीन' ह्या किंचित उपरोधिक संज्ञेखाली जमा झाले.

शेषांच्या संप्रदायातून उत्तरे निघाली. चक्रपाणीने मनोरमेचे खंडन लिहिले. परंतु सर्वांत बोचरे उत्तर आले ते जगन्नाथपंडिताकडून. हा आंध्र कवी शाहजहानच्या दरबारी 'पंडितराज' ही पदवी मिळविलेला. त्याच्या पित्याने, पेरुभट्टाने, व्याकरण शिकले ते शेषकृष्णाचा पुत्र वीरेश्वर याजपाशी. म्हणजे जगन्नाथाच्या दृष्टीने शेष हे गुरुकुल होते. 'मनोरमाकुचमर्दन' ह्या त्याच्या ग्रंथाचे नावच इतके अशिष्ट आहे की वर्गात ते उच्चारताना अध्यापकाची पंचाईत होते. भट्टोजीची बुद्धी गुरुद्रोहाने दूषित झाली आहे, हा त्यातील मुख्य आरोप. भट्टोजी शेषकृष्णाचा शिष्य होता याविषयी आपल्याजवळ जे स्पष्ट साक्ष्य आहे, ते ह्याच विरोधी पक्षाचे आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. पण साक्षीदार पक्षपाती असला तरी खोटा ठरत नाही. भट्टोजीच्या पक्षाने ह्या शिष्यत्वाचा इन्कार केला नाही.

शिव्यागाळी बाजूस ठेवली तर वादाचा गाभा असा उरतो : शास्त्राचे प्रामाण्य गुरुपरंपरेतून येते की मूळ ग्रंथातून? शेषपक्षाचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नव्हते. भाष्याचा अर्थ काय, हे सांगावयास तरी परंपरा लागतेच. भट्टोजीसही भाष्य वाचावयास शिकविले ते शेषांनीच. उलट भट्टोजीचे बळ असे की, त्याने मतभेदाचा निवाडा व्यक्तीच्या हातून काढून संहितेच्या हाती दिला. यापुढे कोणीही विद्यार्थी भाष्य उघडून गुरूचे मत पडताळू शकत होता. ज्या सभेचा सारा अधिकार नावलौकिकावर उभा, तिच्यात ही गोष्ट किती अस्वस्थ करणारी झाली असेल याची कल्पना करावी.

येथे इटलीतील एका वादाचे स्मरण होते. १४५२ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी ह्या वयोवृद्ध पंडिताच्या पत्रांच्या एका प्रतीवर कोणी तरी लॅटिनचे दोष टिपून ठेवले; ते काम लोरेन्झो व्हाल्ला याच्या शिष्याचे निघाले, आणि पोज्जोने व्हाल्लावर निंदाग्रंथांची झोड उठविली. पूर्वसूरींचा अधिक्षेप करणारा उद्धट मनुष्य, हाच आरोप तेथेही होता. व्हाल्लाने उत्तरादाखल एक प्रहसन रचले; त्यात पोज्जोच्या लॅटिनची परीक्षा ग्वारिनो ह्या अध्यापकाच्या घरचा स्वयंपाकी व मोतद्दार घेतात. जगन्नाथास हे निश्चित आवडले असते! दोन्ही ठिकाणी नवे विद्वान मधली शतके ओलांडून मुळाकडे गेले, आणि दोन्ही ठिकाणी ज्येष्ठांस तो द्रोह वाटला.

तथापि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने साम्यापाशी थांबू नये. व्हाल्लाचे प्रमाण होते प्राचीन लेखकांचा प्रयोग. सिसेरो व क्विन्तिलियन कसे लिहीत, हे पाहून तो नियम ठरवी. त्यामुळे भाषा कालानुसार पालटते ही जाणीव त्याच्या हाती आयतीच आली. आणि तिच्याच बळावर, कॉन्स्टंटाइनच्या दानपत्राची लॅटिन त्या सम्राटाच्या काळची असू शकत नाही, असे त्याने १४४० मध्ये दाखवून दिले. भट्टोजीचे प्रमाण होते भाष्य, प्रयोग नव्हे. वस्तुतः उत्तरोत्तर मुनी अधिक प्रमाण, ह्या तत्त्वाच्या पोटात भाषापरिवर्तनाचे बीज दडलेले आहे; पाणिनीने न सांगितलेले रूप कात्यायन सांगतो, ते कशासाठी? मधल्या काळात भाषेत काही नवे आले म्हणूनच ना? परंतु संस्कृत नित्य आहे, ह्या सिद्धान्तापुढे हे बीज अंकुरले नाही. प्रामाण्याचा क्रम राहिला, काळाचा क्रम झाला नाही. माझ्या मते काशीच्या नव्य व्याकरणाची थोरवी आणि मर्यादा ह्या दोन्ही ह्या एकाच जागी आहेत.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. शेषकृष्णाच्या ग्रंथांत 'शूद्राचारशिरोमणि' हाही आहे. शूद्रांनी कोणते आचार पाळावेत, कोणती कर्मे कोणत्या रीतीने करावीत, याचे नियमन करणारा हा ग्रंथ. शब्दाच्या साधुत्वाबद्दल इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या बुद्धीने मनुष्यांचीही साधू-असाधू अशी प्रतवारी निःशंकपणे चालू ठेवली. इटलीचे विद्वानही राजेरजवाड्यांच्या पंगतीस बसणारे होते; पण फ्लोरेन्समध्ये १५८३ च्या सुमारास स्थापन झालेल्या क्रुस्का अकादमीने लोकभाषेचा कोश हाती घेऊन तो १६१२ मध्ये, निर्णयसिंधूच्याच वर्षी, प्रसिद्ध केला. मुक्तिमंडपातील दाक्षिणात्यांच्या घरी बोलली जाणारी मराठी मात्र त्यांच्या शास्त्राचा विषय कधीच झाली नाही.

ते कार्य पैठणास राहिलेल्यांनी केले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. भ्रष्ट पाठ आणि मूळ पाठ यांचा विवेक मराठी ग्रंथाच्या बाबतीत जाणीवपूर्वक झाल्याचे हे ठळक उदाहरण. क्रुस्काच्या स्थापनेशी त्याचा काळ जवळजवळ जुळतो. अकरा वर्षांपूर्वी, शके १४९५ मध्ये, त्यांनी आपले भागवत काशीतच पूर्ण केले होते. त्या वेळी काशीच्या पंडितांनी प्राकृत ग्रंथास विरोध केल्याची कथा सर्वश्रुत आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील ताण खरा वाटतो. पुढल्या शतकात वामनपंडिताने, ज्याचे आडनावही शेषच, काशीस अध्ययन केले आणि 'यथार्थदीपिका' मराठी ओवीत लिहिली. शेषांच्या नावाने मराठीत पाऊल टाकले ते असे उशिरा, आणि तेही वेदान्ताच्या वाटेने.

काशीच्या ह्या समाजाचा शेवटचा मोठा पुरुष कवींद्राचार्य सरस्वती. तोही गोदाकाठचा, ऋग्वेदी. काशी व प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर त्याने शाहजहानकडून माफ करविला. कृतज्ञ पंडितांनी त्याच्या स्तुतीचा जो संग्रह केला तो 'कवींद्रचंद्रोदय' ह्या नावाने १९३९ मध्ये पुण्यास छापला गेला. बर्नियेस ग्रंथालय दाखविणारा आणि सहा पंडितांशी त्याची गाठ घालून देणारा काशीचा पंडितप्रमुख हा कवींद्राचार्यच असावा, असे प. कृ. गोडे यांनी प्रतिपादिले आहे. बर्निये सांगतो की त्या पंडितास शाहजहानने दोन हजार रुपयांचा तनखा दिला होता आणि औरंगजेबाने तो बंद केला. आश्रय हा असा एका स्वाक्षरीचा होता. १६६९ मध्ये विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले, आणि मुक्तिमंडपही त्याबरोबर गेला.

तरीही घराघरांतील पाठशाळा चालूच राहिल्या. त्यांना पाडावयास मंडप नव्हता. भट्टोजीचा शिष्य वरदराज याने लघुकौमुदी करून व्याकरण मुलांपर्यंत नेले. भट्टोजीचा नातू हरि दीक्षित याजपाशी नागेशभट्ट काळे हा महाराष्ट्रीय शिकला, आणि त्याने 'परिभाषेन्दुशेखर' लिहिला. तो ग्रंथ पुण्याच्या शास्त्र्यांच्या परंपरेत रुजला, आणि पुण्यातच फ्रांझ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात त्याचे संपादन व इंग्रजी भाषांतर करून आधुनिक भाषाशास्त्रज्ञांच्या हाती दिला. वाद जिंकला तो दीक्षितांनी. ज्या 'प्रकाश' टीकेवर त्यांनी प्रहार केला ती शतकानुशतके हस्तलिखितांतच राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाराणसीहून ती छापली गेली, तेव्हा मनोरमेतील पूर्वपक्ष त्याच्या कर्त्याच्या शब्दांत पडताळून पाहणे सामान्य अभ्यासकास शक्य झाले. तसा पडताळा घेतल्यास भट्टोजीने गुरूचे मत कोठे न्याय्यपणे मांडले आहे आणि कोठे खंडनाच्या सोयीसाठी वाकविले आहे, हे स्थळवार ठरविता येईल. एखाद्या प्रबंधास हा विषय पुरून उरेल.

कवींद्राचार्याच्या संग्रहाची एक यादी १९२१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. तीत २१९२ नोंदी आहेत. संग्रह स्वतः मात्र फुटला. मुखपृष्ठावर त्याच्या मालकीची खूण असलेली हस्तलिखिते बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात आणि इतरत्र सापडली आहेत.